ब्रायटनचा गोट्यांचा किनारा : पहिल्यांदा जाताना

लंडनला नव्याने आलेल्या मराठी घरात ऊन पडलं की समुद्रावर जायचा बेत ठरतो, आणि गाव बहुतेक वेळा ब्रायटनच असतं. लंडनहून ८० किलोमीटरच्या आसपास, थेट रेल्वे, तासाभराचा प्रवास. डोळ्यांपुढे मात्र तारकर्ली नाहीतर कळंगूट असतं: अनवाणी फिरायचं, मुलांनी वाळूचा किल्ला करायचा, पाणी गुडघ्याला लागेपर्यंत निवांत आत जात राहायचं. ब्रायटनला यातलं काहीच होत नाही. किनारा सगळा गोट्यांचा आहे, भरतीला पाणी चार पावलांत खोल होतं आणि ते ऑगस्टमध्येही गारच असतं. हे माहीत नसताना गेलेली माणसं पाय दुखवून आणि वैतागून परततात. माहीत असेल तर मात्र दिवस फार छान जातो. हा किनारा मला मनापासून आवडतो, तो तुम्हालाही आवडावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी किनारा समजून घ्या

हे गोटे मुख्यतः चकमकीच्या दगडाचे. दक्षिण इंग्लंडच्या या भागात खडूचे पांढरे डोंगर आहेत. समुद्र त्यांचे कडे झिजवतो, मऊ खडू वाहून जातो आणि आतली टणक चकमक मागे उरते. लाटा ती वर्षानुवर्षं घासून गोल करतात. सुपारीएवढ्यापासून बटाट्याएवढ्यापर्यंतचे, मधाच्या, राखाडी, काळपट रंगांचे हे गोटे ओले असताना फार देखणे दिसतात.

किनारा उतरता का, हे कळलं की पुढच्या अर्ध्या सूचना आपोआप पटतात. लाट वर येताना गोटे ढकलत आणते. परतताना मात्र तिचं बरंचसं पाणी गोट्यांच्या फटींतून खाली मुरतं, त्यामुळे आणलेले गोटे पुन्हा ओढून न्यायला तिच्यात जोर उरत नाही. गोटे वर साचत जातात आणि किनाऱ्याला उंच पायऱ्या पडतात. भरतीच्या वेळी पाण्याच्या कडेला अशीच एक तीव्र उताराची पायरी असते. लाट तिच्यावर येऊन एकदम आपटते आणि पायाखालचे गोटे सरकतात. वाळूच्या किनाऱ्यावर ज्या पाण्यात मूल खेळतं, तेवढ्याच अंतरावर इथे मोठ्या माणसाचे पाय टेकत नाहीत.

दुसरी गोष्ट, समुद्रात आडव्या घातलेल्या भिंती. त्यांना ग्रॉइन म्हणतात. इथे लाटा गोट्यांना पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकवत नेतात आणि हे बांध ते अडवतात. एखाद्या ग्रॉइनपाशी उभं राहून दोन्ही बाजू बघा: पश्चिमेला गोटे भिंतीच्या माथ्याला भिडलेले, आणि पूर्वेला तीच भिंत माणसाच्या उंचीपेक्षाही खोल उतरलेली. मुलं एका बाजूने सहज वर चढतात, धावत दुसऱ्या कडेला जातात आणि तिथे उडी मारायचा मोह होतो. खाली पाणी दिसत असलं तरी ते किती आहे आणि त्याखाली काय आहे हे वरून कळत नाही. ग्रॉइनवरून उडी नाही, हा नियम गाडीतच सांगून ठेवा.

दिवस आणि वेळ

आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, मग हवामान. ब्रायटनला दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसरी साधारण साडेबारा तासांनी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांमध्ये सहा मीटरच्या आसपास फरक पडतो. पूर्ण ओहोटीला गोट्यांच्या खाली सपाट वाळूचा पट्टा उघडा पडतो. लहान मुलं बरोबर असतील तर ओहोटीच्या आधीचा तास-दीड तास गाठा, त्यांच्यासाठी त्याहून चांगली वेळ नाही. पाणी मागे गेलेलं, उतार कमी, आणि किल्ल्यापुरती वाळूसुद्धा मिळते. उधाणाची भरती आणि नैर्ऋत्येचा जोरदार वारा एकाच वेळी असेल, तर पाण्याजवळ जायचंच नाही. वरच्या रस्त्यावरून लाटा बघायच्या. तेही दृश्य बघण्यासारखं असतं.

समुद्राचं पाणी वर्षातलं सर्वात उबदार असतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हाही १७-१८ अंश. गोव्याचं पाणी डिसेंबरातही २७-२८ अंशांचं असतं, यावरून कल्पना येईल. मे महिन्यात कडक ऊन पडतं, लोक फसतात. हवा तापलेली असते, पण पाणी अजून हिवाळ्यातून बाहेर आलेलं नसतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रायटनला प्राइडचा मोठा उत्सव असतो. उत्सवासाठीच जायचं असेल तर जरूर जा. पण आईवडिलांना घेऊन शांतपणे समुद्र दाखवायचा असेल तर तो शनिवार-रविवार सोडा. त्या दोन दिवसांत गाड्यांना उभं राहायला जागा नसते.

जायचं कसं

रेल्वेनेच जा. व्हिक्टोरियाहून सदर्न आणि गॅटविक एक्स्प्रेसच्या गाड्या आहेत. सेंट पँक्रस, ब्लॅकफ्रायर्स आणि लंडन ब्रिजहून थेम्सलिंक. तिकीट काढताना एक गोष्ट नीट वाचा: स्वस्त तिकिटावर 'फक्त थेम्सलिंक' असं लिहिलेलं असेल, तर ते व्हिक्टोरियाच्या गाडीला चालत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र जाणार असाल तर ऑफ-पीक भाड्यात ग्रुपसेव्हची एक-तृतीयांश सवलत मिळते, त्यासाठी कुठलंही रेलकार्ड नको. मुलांसह नेहमी फिरणाऱ्यांनी फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्यावं, त्याचे पैसे लवकर वसूल होतात. रविवारी रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यात बस दिली जाते, तेव्हा आदल्या रात्री एकदा बघून घ्या.

ब्रायटन हे शेवटचं स्टेशन. फलाट रस्त्याच्या पातळीवर आहेत, जिने चढायला लागत नाहीत. बाहेर पडून क्वीन्स रोडने नाकासमोर चालत राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत समुद्र. जाताना उतार आहे, म्हणजे संध्याकाळी थकलेल्या पायांनी तोच चढ आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसांसाठी परतताना बस किंवा टॅक्सी धरा. शहरातल्या बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवून पैसे देता येतात.

गाडीनेच जायचं असेल तर एम२३ आणि पुढे ए२३. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी दहाच्या आत पोचलात तर ठीक. त्यानंतर पार्किंग शोधण्यात वेळ जातो, आणि पार्किंग महागही आहे. रीजन्सी स्क्वेअरखालचं पार्किंग किनाऱ्याला सर्वात सोयीचं.

कुठे बसायचं : सगळ्यात महत्त्वाचा निर्णय

बहुतेक लोक सरळ पॅलेस पिअरपाशी जातात आणि तिथेच बसतात. १८९९ साली उघडलेला हा धक्का समुद्रात पाचशे मीटरच्या वर आत गेलाय. खेळ, पाळणे, खाणं सगळं तिथे आहे, त्यामुळे गर्दीही तिथेच. तरुण मंडळींना ठीक. बाकीच्यांनी थोडं चालावं.

म्हातारी माणसं, बाबागाडी किंवा व्हीलचेअर बरोबर असेल तर पश्चिमेला होव्हकडे जा. तिथे हिरवळीची लांबलचक मैदानं आहेत, त्यांना लागून सपाट रुंद रस्ता, बाकं आणि रंगीत लाकडी खोपट्यांची रांग. आईवडिलांना बाकावर बसून समुद्र दिसतो आणि मुलं शेजारी हिरवळीवर धावतात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना पहिल्यांदा नेताना मी डोळे झाकून होव्हच सांगेन. व्हिक्टोरियाहून होव्ह स्टेशनलाही थेट गाड्या आहेत. तिथून किनारा पंधरा-वीस मिनिटं चालत.

मध्ये जळून उरलेला लोखंडी सांगाडा पाण्यात उभा दिसेल. तो जुना वेस्ट पिअर: १८६६ साली उघडला, १९७५ साली बंद झाला आणि २००३ साली आगीत गेला. त्याच्यासमोर १६२ मीटर उंचीचा आय३६० मनोरा आहे. तो दुरूनही दिसतो, त्यामुळे चुकामूक झाली तर भेटायची जागा म्हणून चांगला.

पिअरच्या पूर्वेला १८८३ साली सुरू झालेली फोक्सची छोटी विजेची रेल्वे आहे. आजही चालणाऱ्या विजेच्या रेल्वेंमध्ये जगात सर्वात जुनी हीच. ती हंगामातच धावते. मुलांना तिच्यात बसवाच. पूर्वेच्या टोकाला, ब्लॅक रॉकजवळ, गोट्यांवरून लाकडी फळ्यांची वाट केली आहे, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही गोट्यांच्या मधोमध जाता येतं. याच बाजूला, मरीनाच्या थोडं अलीकडे, १९८०पासून अधिकृत नग्न किनारा आहे. पाट्या स्पष्ट आहेत आणि गोट्यांचा उंच बांध मध्ये घातलेला आहे. कोणालाच अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं.

किनाऱ्यावर उतरण्याबद्दल : गावातला वरचा रस्ता आणि गोट्यांच्या पातळीवरचा खालचा रस्ता यांच्यात उंचीचा फरक आहे. जिन्यांबरोबर उतार असलेले रस्तेही आहेत. चाकांसाठी ते शोधा. खालचा रस्ता सपाट आहे, पण गोट्यांत बाबागाडीची चाकं जागच्या जागी रुततात. तान्ह्या बाळाला कडेवर किंवा झोळीत घ्या आणि गाडी रस्त्याकडेला घडी करून ठेवा. गोट्यांवर चालणाऱ्या रुंद चाकांच्या खास खुर्च्या नगरपालिकेच्या सीफ्रंट ऑफिसातून मिळतात. त्या मोजक्याच आहेत, म्हणून आधी फोन करून सांगून ठेवावं.

पिशवीत काय हवं

पाण्यातले बूट. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे नको. रबरी तळाचे, पायाला घट्ट बसणारे अॅक्वा शूज सुपरमार्केटातही मिळतात. साध्या चपला गोट्यांत निसटतात आणि पहिल्याच लाटेत वाहून जातात. वाळलेल्या गोट्यांवर अनवाणी चालणं पहिल्या दहा पावलांतच नको होतं; ओल्या गोट्यांवर त्यात घसरण्याची भर पडते.

बसायला पातळ चटई किंवा चादर उपयोगाची नाही. फोमची जाड मॅट आणा, तंबूत झोपायला वापरतात तशी. बसण्याआधी जागा हाताने सपाट करा: मोठे गोटे बाजूला सारा, बारीक गोटे ओढून कमरेखाली थोडा खळगा करा आणि पाठीमागे त्यांचाच उंचवटा. गोट्यांच्या पायरीला पाठ टेकून बसलं की खुर्चीची गरजही पडत नाही. वाळूपेक्षा इथली एक गोष्ट मला फार बरी वाटते: डब्यात, केसात, फोनच्या फटीत काहीही जात नाही. घरी आल्यावर मोरीत वाळूचा ढीग नसतो.

वारा कायमचा. ऊन असलं तरी प्रत्येकाला एक वाऱ्याचं जाकीट हवं. छत्री गोट्यांत नीट रोवली जात नाही आणि उडून कुणाला तरी लागते; त्यापेक्षा टोपी आणि सनक्रीम. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण जूनमध्ये आपलीही कातडी भाजते.

पाण्यात जाणाऱ्यांसाठी सुती कपडे, सलवार, जीन्स नको. ते भिजून जड होतात, पायांत अडकतात आणि बाहेर आल्यावर गारठवतात. अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे पोहण्याचे कपडे मिळतात, ते घ्या. टॉवेल दोन आणि थर्मासमध्ये गरम चहा.

पाण्यात उतरताना

साधारण मेअखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत दिवसा जीवरक्षक असतात, पण सगळ्या किनाऱ्यावर नाही. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या जोडीमधला पट्टा त्यांच्या नजरेखाली असतो. पोहायचं ते तिथेच. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात अजिबात जायचं नाही. काळे-पांढरे चौकडे म्हणजे फळ्या आणि होड्यांची जागा. नारिंगी कापडी नळी फडकत असेल तर हवा भरलेली खेळणी पाण्यात न्यायची नाहीत.

ही शेवटची सूचना नीट लक्षात घ्या, कारण तो धोका डोळ्यांना दिसत नाही. उत्तरेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यावर आपण इमारतींच्या आडोशाला असतो, समुद्र शांत दिसतो, लाटा नसतात. पण हवेच्या गादीवर बसलेलं मूल थोडं आत गेलं की वारा त्याला धरतो आणि ती गादी पोहणाऱ्या माणसाच्या वेगापेक्षा लवकर दूर जाते. हवेच्या गाद्या, फुगवलेले बदक-हंस घरीच ठेवा. मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

उतरताना लाटांकडे तोंड ठेवा. दोन-तीन मोठ्या लाटा जाऊ द्या, मग शांत क्षणी त्या पायरीवरून पटकन पुढे व्हा. लाट जिथे फुटते तिथे थांबून राहायचं नाही. गार पाणी अंगावर आलं की श्वास आपोआप अडकतो, जोरात आत ओढला जातो. मिनिटभरात ते शमतं. तोवर डोकं पाण्याबाहेर ठेवून उभं राहायचं, सूर मारायचा नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्या माणसांनी पाय भिजवण्यावर समाधान मानावं.

बाहेर येणं आत जाण्यापेक्षा अवघड असतं. पायाखालचे गोटे मागे सरकतात आणि मागची लाट गुडघ्यांत बसते. लाटेबरोबर वर या, पाय टेकताच दोन्ही हात टेकवा आणि चार पायांवर भराभर वर सरका. पट्टीचे पोहणारेही इथे असंच बाहेर येतात. एकाने काठावर उभं राहून हात द्यायची सोय आधीच ठरवा.

पाण्यात घाबरलात तर हातपाय मारू नका. पाठीवर तरंगा, कान पाण्यात जातील इतकं डोकं मागे टाका, हात हलके हलवा, श्वास ताळ्यावर येऊ द्या, मग मदतीसाठी हाक मारा. दुसरं कोणी अडचणीत दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका: ९९९ला फोन करून कोस्टगार्ड मागा आणि किनाऱ्यावर टांगलेली तरंगती रिंग फेका.

मोठा पाऊस झाल्यावर एक-दोन दिवस पोहणं टाळा, कारण तुंबलेल्या गटारांचं पाणी समुद्रात सोडलं जातं. पोहण्याच्या हंगामात, म्हणजे १५ मे ते ३० सप्टेंबर, एन्व्हायर्नमेंट एजन्सी पाण्याच्या स्वच्छतेची माहिती इंटरनेटवर देते. निघण्यापूर्वी तीही बघा.

खाणं, स्वच्छतागृहं आणि सीगल

दशम्या, थेपले, पुऱ्या-बटाट्याची भाजी किनाऱ्यावर झकास लागते, पण डबा उघडा ठेवून बोलत बसू नका. हेरिंग गल हा मोठा, धीट पक्षी आहे. तो पाठीमागून येतो आणि हातातला घास उचलून नेतो. भिंतीला किंवा पायरीला पाठ लावून बसलं की त्याला मागून येता येत नाही. त्याला मुद्दाम खायला घालू नका. माणसाच्या हातात खाणं असतं हे तो त्यातूनच शिकतो. शाकाहारी मंडळींनी चिप्स घेताना विचारावं की मासे त्याच तेलात तळतात का. काही दुकानांत तळणीला गाईची चरबी वापरतात. ब्रायटन शाकाहारी जेवणासाठी इंग्लंडभर नावाजलेलं आहे, त्यामुळे लेन्सच्या गल्ल्यांत पोटभर जेवणाची काळजी नाही.

खालच्या रस्त्यावर सार्वजनिक स्वच्छतागृहं आहेत. दुपारी रांगा लागतात आणि हिवाळ्यात काही बंद असतात. मुलांना स्टेशनवरच नेऊन आणा. पोचल्यावर सर्वात जवळचं कुठलं हे बघून मगच मॅट पसरा. कपडे बदलायला वेगळी खोली मिळेलच असं नाही, मोठा टॉवेल किंवा अंगरखा पुरतो. मुलांच्या हातावर आपला फोन नंबर पेनाने लिहून ठेवा. हरवल्यास जीवरक्षकाला सांगताना कुठल्या दोन ग्रॉइनमध्ये बसला होतात ते सांगा.

गोटे घरी आणू नका. भोक असलेला, पांढरी रेघ असलेला, अगदी गोल असे शोधायला मुलांना मजा येते. शोधू द्या, फोटो काढा आणि परत ठेवू द्या. गोट्यांचा हा बांध हीच शहराची समुद्राविरुद्धची पहिली भिंत आहे, आणि असं साहित्य किनाऱ्यावरून नेण्यावर १९४९च्या कोस्ट प्रोटेक्शन अॅक्टखाली बंदी घालता येते.

हाताशी दोन तास असतील तर

पाटण्याहून आलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच किनाऱ्यावर वाफेचं स्नान आणि मालिश देणारं स्नानगृह काढलं. ते इतकं गाजलं की चौथ्या जॉर्ज राजानेही त्यांची सेवा घेतली. १८५१ साली ते ब्रायटनमध्येच वारले. त्यांची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. किनाऱ्यापासून दहा मिनिटांवर घुमट-मिनारांचा रॉयल पॅव्हिलियन आहे. पहिल्या महायुद्धात १९१४ ते १९१६ तिथे जखमी भारतीय सैनिकांचं इस्पितळ होतं. जे वाचले नाहीत त्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन शहराबाहेर पॅचमच्या टेकडीवर झालं. त्या जागी १९२१ साली संगमरवरी छत्री उभारली. तिथे चालतच जावं लागतं, म्हणून समुद्राच्या दिवसात ते कोंबू नका, वेगळी खेप ठेवा. पॅव्हिलियनच्या दक्षिणेचं भारतीय पद्धतीचं दार मात्र जाता-येता दिसतं. सैनिकांची देखभाल केल्याबद्दल भारताकडून ब्रायटनला मिळालेली ती भेट आहे.

परतताना उन्हाळ्यात पाच ते सातच्या गाड्या खच्चून भरतात. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, तेव्हा जेवूनच निघा आणि आठनंतरची गाडी धरा. मुलांना झोपायला बाक मिळतं. ओले बूट वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि घरी पोचल्यावर साध्या पाण्यातून काढा, नाहीतर मिठाने त्यांचे सांधे सुटतात.